'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे नेमकं काय? करारातलं कलम ११ आणि आमची ३८ क्विंटल केळी

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. एका इंग्रजी शब्दापायी गेल्या वर्षी आमचं नुकसान झालं. यंदा पुन्हा तोच करार समोर आलाय. सही करायच्या आधी तो शब्द मुळापासून समजून घ्यायचा आहे, म्हणून हा धागा.

तापीकाठी आमची साडेचार एकर बाग आहे. गेल्या वर्षी एका निर्यात करणाऱ्या कंपनीशी करार केला. सहा पानं, सगळी इंग्रजीत, मराठी प्रत नाही. कलम ४ मध्ये लिहिलं होतं की बऱ्हाणपूरच्या त्या दिवशीच्या भावावर क्विंटलमागे १५० रुपये जास्त देऊ आणि ठरलेल्या जाडीचा सगळा माल उचलू. अप्पांनी ते कलम माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. कलम ११ ची सुरुवात होती 'नॉटविथस्टँडिंग एनिथिंग कंटेन्ड इन धिस ॲग्रीमेंट'. पुढे होतं की कंपनी स्वतःच्या मर्जीने कुठलाही माल कुठल्याही टप्प्यावर नाकारू शकते. माझं शिक्षण बी.कॉम. पर्यंतचं. शब्दात 'विथ' आहे, 'स्टँडिंग' आहे, म्हणजे करारात जे लिहिलंय त्याच्या सोबतीने, त्याला धरून, असा अर्थ मी लावला आणि अप्पांना तसंच सांगितलं.

एप्रिलमध्ये कटाई झाली. घड खाली उतरवून पानांवर मांडलेले, ऊन असं की दुपारपर्यंत माल हलला नाही तर काळा पडणार. कंपनीच्या माणसाने कॅलिपर काढलं, फणीतल्या मधल्या केळीला लावलं, आकडा बरोबर आला. आम्हाला हायसं वाटलं. मग त्याला फोन आला, तो बाजूला जाऊन बोलला आणि परत येऊन म्हणाला की आज गाडी भरणार नाही, वरून नको म्हणताहेत. अप्पा कराराचा कागद घेऊन उभे, बोट कलम ४ वर. त्याने कागद हातात घेतला, पान उलटलं आणि कलम ११ दाखवलं. ३८ क्विंटल माल संध्याकाळी गावातल्या व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावा लागला.

शब्दकोशात पाहिलं तर 'असे असूनही', 'तथापि', 'न जुमानता' असे तीन अर्थ दिसतात. कोणी कोणाला जुमानायचं नाही, हेच कळत नाही. कलम ४ मोठं की कलम ११? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_शिक्षक_अमळनेर

दादा, वाचून वाईट वाटलं. तुमची चूक 'विथ'पाशी झाली आणि ती अगदी स्वाभाविक आहे. सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हुशार मुलंही तिथेच अडखळलेली पाहिली.

'विथस्टँड' या क्रियापदातलं 'विथ' म्हणजे 'सोबत' नव्हे. जुन्या इंग्रजीत 'विथ'चा अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'फाइट विथ' म्हणताना तो अजून उरलेला दिसतो. विथस्टँड म्हणजे विरोधात उभं राहणं, अडवून धरणं. त्याला आधी 'नॉट' लागला की झालं: अडवून न धरता. लॅटिनमध्ये 'नॉन ऑब्स्टांटे' असा कायद्याचा वाक्प्रयोग होता, त्याच घडणीवर इंग्रजीने चौदाव्या शतकात हा शब्द तयार केला. 'ऑब' म्हणजे समोर, 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. 'ऑब्स्टॅकल' म्हणजे अडथळा, तोही त्याच घरातला. आणि हा 'स्ता' व आपला संस्कृत 'स्था' एकाच मुळाचे.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे: आड येणं. 'नॉटविथस्टँडिंग कलम ४' म्हणजे 'कलम ४ आड येऊ न देता'. आड कोण येऊ शकत होतं? कलम ४. त्याला बाजूला केलं. म्हणजे ज्याचं नाव या शब्दाच्या लगेच पुढे येतं, ते हरलं.

तुमच्या करारात तर 'एनिथिंग कंटेन्ड इन धिस ॲग्रीमेंट' आहे. या करारातलं काहीही आड येणार नाही. म्हणजे कलम ११ सगळ्यांच्या वर जाऊन बसलं. कंपनीच्या माणसाने पान उलटलं ते उगाच नाही.

स्पर्धापरीक्षा_धुळे

सर, एक शंका. मग हा शब्द आणि 'डिस्पाइट' एकच ना? आम्हाला क्लासमध्ये समानार्थी म्हणून पाठ करून घेतलाय.

निवृत्त_शिक्षक_अमळनेर

पाठ करायला ठीक, वापरायला नाही. 'डिस्पाइट' घडलेली गोष्ट सांगतो. पाऊस होता, तरी बाजार भरला. 'नॉटविथस्टँडिंग' तसंही सांगू शकतो, पण त्याचं खरं काम नियम घालून देण्याचं: एक गोष्ट दुसरीला अडवणार नाही, हे आधीच ठरवून टाकण्याचं. म्हणून तो करारात, कायद्यात, सरकारी आदेशात दिसतो. मित्राच्या पत्रात घातला तर कोर्टाचा समन्स आल्यासारखं वाटेल.

परीक्षेसाठी तीन गोष्टी. शब्द एकच आहे, तीन तुकडे करून लिहायचा नाही. त्याच्यानंतर 'ऑफ' किंवा 'टू' लावायचा नाही. पुढे पूर्ण वाक्य येत असेल तर 'दॅट' जोडायचा.

आणि एक गंमतीची खुबी. इंग्रजीतले असे शब्द सहसा नामाच्या आधी येतात. हा मात्र नामाच्या मागेही चालतो. 'द रेन नॉटविथस्टँडिंग, द पालखी लेफ्ट ऑन टाइम'. मुक्ताईची पालखी कोथळीहून आषाढीसाठी निघते तेव्हा पाऊस असलाच, तर हे वाक्य तिला लागू पडेल. आपल्या मराठीत 'पाऊस असूनही' असंच मागे लागतं ना, म्हणून आपल्या मुलांना ही रचना लवकर बसते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की आधी असो की मागे, हरणारं तेच नाम, ज्याला हा शब्द चिकटलाय.

वकीलताई_नंदुरबार

सरांनी पाया घातला, मी वरचं बांधकाम करते. आमच्या जिल्ह्यात हा शब्द रोज जमिनीच्या निमित्ताने समोर येतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ३६. पोटकलम (१) म्हणतं, भोगवट्याची जमीन वारसाने मिळणारी आणि हस्तांतर करता येणारी मालमत्ता आहे. वाचून वाटतं, झालं, विकता येते. लगेच पोटकलम (२) येतं आणि त्याची सुरुवातच 'नॉटविथस्टँडिंग' ने होते: आधीच्या पोटकलमात काहीही असलं तरी, अनुसूचित जमातीच्या माणसाची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय हस्तांतरित होणार नाही. १९७४ च्या दुरुस्तीने आलेलं ३६अ त्याहून कडक आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायची असेल, तर पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी, आणि विक्री, बक्षीस, अदलाबदल अशा बाकी सगळ्याला शासनाची मान्यता घेऊन जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी. त्याचीही सुरुवात याच शब्दाने. अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या भागात किती कुटुंबांची वावरं या एका शब्दाने त्यांच्या नावावर राहिली असतील, याचा विचार करा. रावेरच्या दादांना ज्या शब्दाने मारलं, त्यानेच इथे तारलं. शब्दाला बाजू नसते. तो कोणत्या कलमाच्या तोंडी घातलाय, ते बघायचं.

दुसरं म्हणजे रिंगण. 'नॉटविथस्टँडिंग' नंतर जे लिहिलंय तेवढंच बाजूला होतं, त्याच्या पलीकडचं नाही. कलम ३६(२) फक्त त्याच कलमाच्या पहिल्या पोटकलमाला बाजूला सारतं. १९९६ च्या पेसा कायद्याचं (आदिवासी भागांतल्या पंचायतींचा कायदा) कलम ४ संविधानाच्या भाग नऊला, म्हणजे पंचायतींच्या भागाला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(१) चं रिंगण फार मोठं: त्या वेळी अमलात असलेल्या इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी. आणि सगळ्यात मोठं रिंगण संविधानातच आहे, 'या संविधानात काहीही असले तरी'. अनुच्छेद ३७१(२) तसा सुरू होतो. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं करण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांकडे देऊ शकतात, ते कलम. आपला खानदेश त्यातल्या 'उर्वरित'मध्ये येतो. एवढ्या थोर शब्दांनी सुरू होणाऱ्या अनुच्छेदात आपल्याला स्वतःचं नाव नाही, हे मला वकिली शिकताना लागलं होतं आणि अजून लागतं.

पांझराकाठ

ताई, शेवटचं वाक्य मनातलं बोललात.

शब्दाबद्दल मी एवढंच सांगेन की आमच्या अहिराणीत हे रोज बोललं जातं. आजी म्हणायची, "काहीबी व्हवो, वावर इकानं नही." दुष्काळ पडो, लग्न निघो, दवाखाना लागो, यातलं काहीही आड येणार नाही, वावर विकायचं नाही. इंग्रजीत वीस शब्दांचं कलम होईल ते तिने पाच शब्दांत मांडलं होतं. आणि तिने ते पाळलंही. ते वावर आज मी कसतोय.

ठेकेदार_भुसावळ

करारवाल्यांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. बँक गॅरंटी पाहिली असेल तर तिच्या अगदी शेवटी 'नॉटविथस्टँडिंग एनिथिंग कंटेन्ड हिअरइन' असं येतं आणि खाली तीन ओळी असतात. बँकेची जबाबदारी अमुक रकमेपुरती. गॅरंटी अमुक तारखेपर्यंत. आणि लेखी मागणी अमुक तारखेच्या आत आली तरच पैसे. वरची दोन पानं कितीही गोड असोत, बँक त्या तीन ओळींवर चालते.

माझ्याच एका कामात मी दुसऱ्याकडून गॅरंटी घेतली होती. वर 'बिनशर्त', 'मागताक्षणी' असे शब्द वाचून निर्धास्त राहिलो. काम फसलं, मी मागणीचं पत्र पाठवलं ते शेवटच्या तारखेनंतर चार दिवसांनी. बँकेने पत्र परत केलं. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की पहिल्या पानाआधी मी हा शब्द शोधतो. तो जिथे असेल तिथून वाचायला सुरुवात करतो.

स्पर्धापरीक्षा_धुळे

ताई, 'सब्जेक्ट टू' आणि 'विदाउट प्रेज्युडिस टू' हे दोन शब्दही असेच गोंधळात टाकतात. तिन्हींमधला फरक सांगाल का?

वकीलताई_नंदुरबार

हा प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस, कारण दादांच्या करारावरचा उपाय यातच आहे.

'सब्जेक्ट टू' म्हणजे '-च्या अधीन'. इथे दिशा उलटी होते. 'कलम ११, सब्जेक्ट टू कलम ४' असं असेल तर कलम ४ वर, कलम ११ त्याच्या हाताखाली. पुढे ज्याचं नाव, तो जिंकतो. 'नॉटविथस्टँडिंग' मध्ये पुढे ज्याचं नाव, तो हरतो. हे दोन्ही शब्द एका जागी पाहायचे असतील तर मघाचं कलम ३६ उघड. पोटकलम (१) 'सब्जेक्ट टू' म्हणून कलम ७२ आणि धारणेच्या अटींपुढे मान तुकवतं आणि पोटकलम (२) 'नॉटविथस्टँडिंग' म्हणून पोटकलम (१) ला बाजूला करतं.

'विदाउट प्रेज्युडिस टू' म्हणजे 'बाध न येता'. इथे कोणी हरत नाही, दोन्ही उभे राहतात. माझा हा हक्क शाबूत ठेवून मी ही गोष्ट करतो, असा भाव. भूसंपादनाचा मोबदला घेताना 'हरकत राखून' असं लिहून देतात, त्याचं महत्त्व याच जातीचं. १८९४ च्या जुन्या कायद्यात तर कलम ३१ मध्ये स्पष्ट होतं की हरकत न नोंदवता पैसे घेतले तर वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ चा अर्ज करता येणार नाही. साधे दोन शब्द लिहायचे राहिले म्हणून वाढीव मोबदल्याला मुकलेली माणसं आमच्या जुन्या फायलींत आहेत.

तापी_सातपुडा

माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्यांसाठी भर घालतो. २००५ च्या कायद्याचं कलम ८(१) याच शब्दाने सुरू होतं आणि माहिती न देण्याची कारणं सांगतं. नकाराच्या उत्तरात अधिकारी तेवढंच टाकतात. पण कलम ८(२) मध्येही हाच शब्द आहे. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा असो की ८(१) मधली नकाराची कारणं असोत, लोकहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. अपील करताना मी नेहमी ८(२) लिहितो.

पण मग दोन वेगवेगळ्या कायद्यांत दोन्हीकडे 'नॉटविथस्टँडिंग' असेल तर?

वकीलताई_नंदुरबार

न्यायालयं सर्वसाधारणपणे नंतर झालेला कायदा वरचढ मानतात, कारण विधिमंडळाला आधीचा कायदा माहीत होता असं धरलं जातं. पण तेवढ्यावर थांबत नाहीत, दोन्हींचा उद्देशही बघतात. आणि १९५२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की आधी मुख्य तरतुदीचा अर्थ नीट लावा, ती स्पष्ट असेल तर या सुरुवातीच्या शब्दांनी तिला आखूड करू नका.

जळगावकर_आशा

मला एक वेगळंच वाटतं. सामान्य शेतकऱ्याशी करार करताना हा शब्द वापरायचाच कशाला? सरळ लिहा ना, 'कलम ४ मध्ये भाव ठरला असला तरी कंपनी माल नाकारू शकते'. असं लिहिलं असतं तर यांच्या अप्पांनी सही केली असती का?

निवृत्त_शिक्षक_अमळनेर

आशाताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. आपल्या मराठी कायद्यांत 'काहीही अंतर्भूत असले तरी' असा शब्दप्रयोग रूढ आहे. 'अंतर्भूत' जड आहे खरा, पण शेवटचा 'तरी' कान टवकारायला लावतो. 'तरी' ऐकलं की मराठी माणूस थांबतो, पुढे काहीतरी उलटं येणार हे त्याला कळतं. इंग्रजीत मात्र 'विथ' दिसतो आणि माणूस फसतो. मराठी प्रत असती तर अप्पांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

या शब्दाची ताकद मात्र लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. इंग्लंडचे राजे आपल्या सनदांत 'नॉन ऑब्स्टांटे' घालून संसदेचे कायदे बाजूला सारायचे. १६८९ च्या बिल ऑफ राइट्सने ती वाट बंद केली. कॅनडाने १९८२ च्या आपल्या हक्कांच्या सनदेत कलम ३३ घातलं, त्याला तिथे 'नॉटविथस्टँडिंग क्लॉज' असंच म्हणतात. काही मूलभूत हक्क बाजूला ठेवून कायदा करता येतो, पण ही मोकळीक जास्तीत जास्त पाच वर्षांत आपोआप संपते, पुन्हा घ्यावी लागते. एवढा जड शब्द आहे म्हणून त्याला मुदतीचं दावं बांधलं. शेतकऱ्याच्या करारात मात्र तो मोकळा सोडलेला.

वकीलताई_नंदुरबार

दादा, आता तुमच्या कामाचं. माझं म्हणणं दोन भागांत.

एक, कलम ११ चं रिंगण 'या करारातलं काहीही' एवढंच आहे. देशाचा कायदा त्यात येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २८ म्हणतं की हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट पूर्ण बंद करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. त्यामुळे करारात कुठेही 'तक्रार करता येणार नाही' असं दिसलं तरी घाबरू नका.

दोन, नव्या करारात कलम ११ काढून टाका म्हणालात तर कंपनी मानणार नाही, त्यांनाही जहाजाचं वेळापत्रक असतं. त्यापेक्षा पहिले शब्द बदलायला सांगा. 'नॉटविथस्टँडिंग एनिथिंग कंटेन्ड इन धिस ॲग्रीमेंट' च्या जागी 'सब्जेक्ट टू क्लॉज ४'. बाकी मजकूर तसाच राहू द्या. आणि 'कुठल्याही टप्प्यावर' च्या जागी 'कटाईच्या आधी, बागेत पाहणी करून'. बदल हाताने केला तर दोन्ही बाजूंच्या सह्या त्या खाडाखोडीशेजारी घ्या, फक्त शेवटच्या पानावर नकोत. मराठी प्रत मागा आणि तिच्यावरही सही घ्या.

केळीबाग_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हा सगळा धागा अप्पांना वाचून दाखवला. 'आड येणं' म्हटल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "म्हंजे आपलं चार नंबर त्याहीनं आधीच बाजूला उभं करून ठेवलं व्हतं." मग कागद मागितला. चष्मा लावून कलम ११ चा पहिला शब्द सापडेपर्यंत ओळींवरून बोट फिरवत राहिले. इंग्रजी वाचता येत नाही, पण आकारावरून तो लांबलचक शब्द त्यांनी स्वतः शोधला आणि निळ्या पेनने त्याच्याखाली रेघ मारली. नवीन करारातही तोच आकार शोधला. तीन ठिकाणी सापडला. मला फक्त एकाच ठिकाणी दिसला होता.

आज सकाळी कंपनीच्या माणसाशी बोललो. बागेत आधी पाहणी करायला ते तयार आहेत, मराठी प्रतही देतो म्हणाले. 'सब्जेक्ट टू क्लॉज ४' साठी पुण्याच्या ऑफिसला विचारून सोमवारी कळवतो म्हणाले. बाकीच्या दोन जागांपैकी एक पैसे किती दिवसांत देणार त्या कलमात आहे आणि दुसरी वजनातल्या कटतीच्या कलमात. ताई, ती दोन्ही कलमं आज संध्याकाळी इथेच टाइप करून टाकतो. सोमवारच्या आधी एकदा नजर घालाल का?

वकीलताई_नंदुरबार

टाका. पूर्ण कलम टाका, अर्धं नको. आणि त्याच्या आधीचं कलमही.